ऑफर लेटर हाती आलं की काय तपासायचं आणि कुणाला काय विचारायचं

नोकरीचं खोटं ऑफर लेटर हल्ली खऱ्यापेक्षा नीटनेटकं असतं. लोगो, गोल शिक्का, निळ्या शाईतली सही, तळाला कंपनीचा नोंदणी क्रमांक, सगळं जागच्या जागी. त्यामुळे ‘इंग्रजीच्या चुका शोधा’ हा जुना सल्ला आता फारसा कामाचा राहिलेला नाही. उलट कितीतरी खऱ्या छोट्या कंपन्यांची पत्रंच चुकांनी भरलेली असतात. पत्र निरखत बसण्यापेक्षा पत्राबाहेर जाऊन तपासावं लागतं, आणि समोरचा खरा निघाला तर त्याच्याशी संबंध बिघडू नयेत हेही सांभाळावं लागतं. पहिल्यांदा नोकरी शोधणारे नेमके इथे अडतात. जास्त प्रश्न विचारले तर हाताशी आलेली नोकरी जाईल, अशी भीती वाटते. फसवणारे त्या भीतीवरच जगतात. खऱ्या एचआरला असे प्रश्न रोज येतात. तो चिडत नाही, फार तर उत्तर उशिरा देतो.

आधी पैशाची दिशा बघा

नोकरीत पैसे कंपनीकडून तुमच्याकडे येतात. ते उलटे जायला लागले की पुढचं काही तपासायची गरज नाही. मागणीची नावं मात्र बदलत राहतात: रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग किट, युनिफॉर्म, लॅपटॉपचं कुरिअर, बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन, एअरपोर्टच्या नोकरीत ‘गेट पास’. पहिली रक्कम मुद्दाम लहान असते, कुणीही सहज देईल अशी, आणि पुढे ‘रिफंडेबल’ हा शब्द चिकटवलेला असतो. ती भरली की दोन दिवसांनी दुसरी, मोठी मागणी येते आणि सोबत सांगितलं जातं की ही नाही भरली तर आधीचेही परत मिळणार नाहीत. माणूस बुडालेले पैसे वाचवायला आणखी पैसे टाकतो. सगळी रचना या एका गोष्टीवर उभी असते.

प्लेसमेंट कन्सल्टन्सी पैसे मागते तेव्हा धंद्याची रीत माहीत असलेली बरी. कंपनी कन्सल्टन्सीला साधारण उमेदवाराच्या वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार, देते. ज्याला कंपनीकडून एवढे मिळणार आहेत, तो तुमच्याकडून मुलाखतीआधी हजार रुपये कशाला मागेल? काही छोट्या एजन्सी उमेदवाराकडूनही घेतात. तशी अट असेल तर ती लेखी हवी आणि पैसे पहिला पगार जमा झाल्यानंतर द्यायचे, त्याआधी रुपयाही नाही.

देशातल्या नोकरीत अपवाद दोनच लक्षात ठेवा. सरकारी भरतीत परीक्षा शुल्क खरंच असतं, पण ते परीक्षेआधी, अधिकृत पोर्टलवर अर्ज भरतानाच जातं. रेल्वे भरती मंडळाच्या परीक्षांत सर्वसाधारण उमेदवाराला ५०० रुपये पडतात आणि पहिल्या संगणकीय परीक्षेला बसल्यावर त्यातले ४०० परत येतात. निवड झाल्यावर ‘जॉइनिंग’साठी कुणाच्या यूपीआयवर पैसे भरायला रेल्वे सांगत नाही, तलाठी भरतीत नाही आणि पोलीस भरतीतही नाही. दुसरा अपवाद मेडिकल तपासणीचा. काही कंपन्या ती स्वतःच्या खर्चाने करून घ्यायला सांगतात. तेव्हा पैसे थेट लॅबला द्या आणि पावती घ्या, मधल्या माणसाला देऊ नका.

मग माणूस कुणाचा आहे ते बघा

ईमेलवर दिसणारं नाव काहीही ठेवता येतं. मोबाइलवर त्या नावावर बोट ठेवलं की खरा पत्ता उघडतो. ॲट या खुणेनंतरचा भाग उजवीकडून डावीकडे वाचा. शेवटच्या ‘डॉट कॉम’, ‘डॉट इन’ किंवा ‘डॉट को डॉट इन’च्या लगेच आधी जे आहे, तेच खरं डोमेन. कंपनीच्या नावापुढे ‘हायफन करिअर्स’, ‘हायफन जॉब्स’ असं शेपूट लावलेलं डोमेन कुणीही काही शे रुपयांत विकत घेतं. शंका आली तर हूइजवर (डोमेनची नोंदणी दाखवणारी सेवा) शोधून नोंदणीची तारीख पाहा. वीस वर्षं जुन्या कंपनीचं डोमेन गेल्या महिन्यातलं असेल तर विषय संपला. जीमेलवरून आलेली मेल म्हणजे लगेच फसवणूक असं मात्र नाही. भोसरीतल्या किंवा सातपूरच्या लहान कारखान्यांचं सगळं कामकाज जीमेलवर चालतं.

लिंक्डइनवरचं प्रोफाइल खरं निघालं म्हणून निश्चिंत होऊ नका. हुशार ठग खऱ्या एचआर अधिकाऱ्याचं नाव आणि फोटो वापरतात आणि व्हॉट्सॲप नंबर तेवढा स्वतःचा ठेवतात. म्हणून एक नियम कडक पाळा: पत्रात किंवा मेलमध्ये दिलेल्या नंबरावर पडताळणीचा फोन करायचा नाही. कंपनीची वेबसाइट स्वतः शोधायची आणि तिथल्या बोर्डलाइनला, म्हणजे कंपनीच्या मुख्य नंबरला, फोन लावायचा. बोलणं दोन मिनिटांचं असतं:

“नमस्कार, मला तुमच्या कंपनीच्या नावाने ऑफर लेटर आलंय. रेफरन्स नंबर सांगतो. हे तुमच्याकडून गेलंय का, एवढंच खात्री करून हवं होतं.”

बोर्डलाइनवर कुणी दाद देत नसेल तर त्याच एचआरला लिंक्डइनवर एक ओळीचा निरोप टाका. बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या करिअर पानावर बनावट ऑफरची तक्रार करण्यासाठी वेगळा ईमेलही दिलेला असतो.

कंपनी आहे का, आणि जेवढी सांगते तेवढी आहे का

हे काम घरबसल्या, एक पैसा न देता होतं.

१. प्रायव्हेट लिमिटेड किंवा लिमिटेड कंपनीचा सीआयएन, म्हणजे नोंदणी क्रमांक, २१ अक्षर-अंकांचा असतो. सुरुवातीला यू किंवा एल (एल म्हणजे शेअर बाजारात नोंदलेली), मग उद्योगाचे पाच अंक, राज्याची दोन अक्षरं, स्थापनेचं वर्ष, कंपनीच्या प्रकाराची तीन अक्षरं आणि शेवटी सहा अंकी क्रमांक. पत्रात ‘१९९८ पासून सेवेत’ लिहिलंय आणि सीआयएनमध्ये २०२४ आहे, तर विचारायला हवं. एमसीए, म्हणजे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नाव टाकून नोंदणीकृत पत्ता आणि कंपनी सुरू आहे की बंद, हे दिसतं. नावापुढे ‘स्ट्राइक ऑफ’ असेल तर ती कंपनी नोंदवहीतून काढलेली आहे.

२. जीएसटी क्रमांक १५ अक्षर-अंकांचा. पहिले दोन राज्याचे: महाराष्ट्र २७, गोवा ३०. पुढची दहा अक्षरं म्हणजे त्या व्यवसायाचा पॅन. जीएसटी पोर्टलवर टाकला की नोंदणी चालू आहे की रद्द, ते कळतं.

३. सगळ्यात कमी वापरली जाणारी आणि माझ्या मते सगळ्यात बोलकी तपासणी भविष्यनिर्वाह निधीची. ईपीएफओच्या संकेतस्थळावर आस्थापना शोधता येते आणि तिथे पैसे भरल्याचा तपशील उघडला की कोणत्या महिन्यात किती कर्मचाऱ्यांचा पीएफ भरला, हे दिसतं. वेबसाइटवर ‘५००हून अधिक जणांची टीम’ लिहिणाऱ्या कंपनीने सहा जणांचा पीएफ भरलेला दिसला तर ती एक तर फुगवून सांगतेय, नाहीतर बाकीच्यांना कंत्राटावर ठेवतेय. दोन्ही गोष्टी रुजू होण्याआधी माहीत असलेल्या बऱ्या.

प्रोप्रायटरशिप किंवा भागीदारीला सीआयएन नसतो, तिथे गुमास्ता, उद्यम नोंदणी, जीएसटी बघा. आणि एक मर्यादा विसरू नका. या तपासण्यांतून कंपनी खरी आहे एवढंच कळतं, पत्र तिने पाठवलंय हे कळत नाही. ठग खऱ्याच कंपनीचा सीआयएन उचलून छापतात, म्हणून बोर्डलाइनचा फोन टाळता येत नाही.

कागदपत्रं टप्प्याटप्प्याने

रेझ्युमेवर आधार, पॅन, जन्मतारीख, पूर्ण पत्ता यातलं काहीच नको. गाव किंवा शहर पुरेसं. आधार-पॅन ऑफर स्वीकारल्यावर द्यायचे, तेही आधारचे पहिले आठ अंक झाकलेली मास्क्ड प्रत. ती यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून मिळते. प्रत्येक प्रतीवर आडवं लिहा: ‘फक्त अमुक कंपनीतील नोकरीसाठी’, खाली तारीख आणि सही. मूळ गुणपत्रिका दाखवायच्या, ठेवायला द्यायच्या नाहीत. कोरा चेक, कोऱ्या कागदावर सही, ओटीपी कधीच नाही. मुलाखतीसाठी म्हणून आलेली एपीके फाइल (फोनवर ॲप बसवणारी) उघडू नका आणि स्क्रीन दिसेल असं ॲप टाकू नका. मुलाखत झूम, मीट, टीम्सवर होते.

सगळ्यात धोकादायक मागणी दिसायला साधी असते. ‘सॅलरी अकाउंट आम्ही उघडून देतो, हे सिम त्यात जोडा, पासबुक-कार्ड आमच्याकडे राहील.’ असं खातं दुसऱ्यांना लुबाडून आलेले पैसे फिरवायला वापरलं जातं आणि पोलीस येतात ते खातेदाराच्या, म्हणजे तुमच्या घरी. आधार-पॅन आधीच कुणाला देऊन बसला असाल तर क्रेडिट ब्युरोकडून अहवाल मागवा. प्रत्येक ब्युरो वर्षातून एकदा तो फुकट देतो. तुमच्या नावावर न घेतलेलं कर्ज असेल तर त्यात दिसेल.

नेहमीचे सापळे

टेलिग्रामवरचं ‘टास्क’ काम: व्हिडिओ लाइक करा, हॉटेलला रेटिंग द्या. पहिले दीड-दोनशे रुपये खरोखर येतात, तेवढ्यावर विश्वास बसतो. मग ‘प्रीपेड टास्क’ येतं, ज्यात आधी तुम्ही भरायचे. स्क्रीनवरची शिल्लक वाढत जाते, काढायला गेलात की कर किंवा दंड भरायला सांगतात. आणि तुम्हाला आलेले ते दोनशे रुपये बहुधा दुसऱ्या फसलेल्याच्या खात्यातून आलेले असतात, त्यामुळे त्याच्या तक्रारीवरून तुमचंही खातं गोठू शकतं.

घरबसल्या डेटा एंट्री हा त्याहून चिवट प्रकार. पाच दिवसांत अमुक हजार फॉर्म, ९० टक्क्यांहून जास्त अचूकता, स्टँप पेपरच्या फोटोवर डिजिटल सही. काम पाठवलं की अचूकता कमी भरल्याचं कळवतात, मग ‘वकिलाची’ नोटीस, कोर्टाचा शिक्का, अटकेची धमकी आणि मिटवायला पाच-सात हजारांचं ‘एनओसी’ शुल्क. गृहिणी आणि कॉलेजची मुलं यात घाबरून पैसे भरतात. कोर्ट कुणाच्या यूपीआयचा क्यूआर कोड पाठवून पैसे मागत नाही. उत्तर देऊ नका, सगळ्याचे स्क्रीनशॉट ठेवा, तक्रार करा.

आयटीमधली ‘बॅकडोअर’ नोकरी आणि विकतचा अनुभव हा प्रकार पुण्यात शिकणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर पडतोच. लाख-दीड लाखात दोन वर्षांचं अनुभवपत्र, पगारपत्रकं आणि थोडा पीएफ भरून दाखवणारी कागदी कंपनी. इथे फसवला जाणारा स्वतःही खोटेपणात सामील असतो, म्हणून तक्रारीला तोंड राहत नाही. पकड येते यूएएनच्या (कर्मचाऱ्याच्या कायम पीएफ क्रमांकाच्या) सेवा इतिहासातून: कोणत्या आस्थापनेने कधीपासून कधीपर्यंत पीएफ भरला ते तिथे स्पष्ट असतं. एकदा ती कागदी कंपनी पडताळणी करणाऱ्यांच्या यादीत गेली की तिचे सगळे ‘कर्मचारी’ एकत्र अडकतात, रुजू होऊन वर्ष झालेलेसुद्धा.

परदेशी नोकरीत धोका पैशापुरता उरत नाही. १९८३च्या उत्प्रवास कायद्यानुसार परदेशात माणसं पाठवणाऱ्या एजंटला परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी लागते. ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत एजंटांची यादी असते. परवान्याचा क्रमांक आणि मुदत दोन्ही बघा, कारण मुदत संपलेला परवाना भिंतीवर तसाच टांगलेला असतो. एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये घेता येतात, पावतीसह. दोन लाख मागणारा एजंट तिथेच उघडा पडतो. पासपोर्टवर ईसीआर हा शेरा असेल तर आखातासह ठरावीक देशांत कामाला जाण्याआधी मंजुरी लागते, आणि १० लाखांचा प्रवासी भारतीय विमाही त्याच प्रक्रियेत येतो. ‘आधी व्हिजिट व्हिसावर या, तिकडे बदलून देऊ’ हे वाक्य ऐकलं की थांबा. थायलंडमधल्या डेटा एंट्रीच्या नोकरीसाठी गेलेल्या भारतीयांना सीमेपलीकडे म्यानमारच्या म्यावाडी भागात नेऊन सायबर फसवणुकीच्या कामाला जुंपल्याची प्रकरणं २०२२ पासून समोर आली. मार्च २०२५ मध्ये अशांपैकी शेकडो जणांना वायुदलाच्या विमानांनी परत आणावं लागलं.

जहाजावरच्या नोकरीचे नियम वेगळे. कोकण-गोव्यातली आणि देशावरचीही मुलं बेलापूर-नेरुळ परिसरातल्या एजंटांकडे खेटे घालतात, त्यांच्यासाठी एवढं: एजन्सीकडे डीजी शिपिंगचा, म्हणजे केंद्राच्या नौवहन महासंचालनालयाचा, आरपीएसएल हा खलाशी भरतीचा परवाना हवा, आणि परवानाधारकाला खलाशाकडून भरतीचे पैसे घेता येत नाहीत. पासपोर्ट, सीडीसी (खलाशाचं नोंदपुस्तक) आणि ठरलेली वैद्यकीय तपासणी यांचा खर्च तुमचा, व्हिसाचा जहाजमालकाचा. जहाजाचं नाव आणि आयएमओ क्रमांक (प्रत्येक जहाजाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) विचारा. तो सांगायला टाळाटाळ झाली तर उठून या.

बोलायचं कसं

शंका विचारताना आरोप नको, चौकशी हवी, आणि शक्यतो लेखी. इंग्रजीत पाठवा किंवा मराठीत, मजकूर साधारण असा:

“ऑफरबद्दल आभार. स्वीकारण्याआधी तीन गोष्टी कळल्या तर बरं होईल: मी कुणाला रिपोर्ट करणार आणि कामाचं ठिकाण कोणतं, पगाराची पूर्ण विभागणी, आणि कंपनीच्या अधिकृत ईमेलवरून हे पत्र मिळू शकेल का. सोमवारपर्यंत माझा निर्णय कळवतो.”

शेवटची तारीख तुम्ही द्यायची. ‘आज संध्याकाळी सहापर्यंत हो म्हणा, नाहीतर जागा जाईल’ हा दबाव खऱ्या कंपन्याही कधीकधी आणतात. पण दोन दिवस सभ्यपणे मागितल्यावर खरी कंपनी निदान एक दिवस देते. पैशाची मागणी झाली तर एकच ओळ: “मी नोकरीसाठी आगाऊ रक्कम भरत नाही. ती पहिल्या पगारातून वळती करता येत असेल तर कळवा.” ठग इथेच गप्प होतो किंवा शिव्या देतो. वाद घालू नका, नंबर ब्लॉक करण्याआधी स्क्रीनशॉट घ्या.

अर्जांची एक साधी एक्सेल ठेवा: कंपनी, पद, कुठून अर्ज केला, कधी, कुणाशी बोललो, काय ठरलं. ‘तुम्ही आमच्याकडे अर्ज केला होता’ असा फोन आला की यादीत बघायचं. नसेल तर विचारायचं, कोणत्या पदासाठी आणि कधी?

नको असलेली ऑफर नाकारायलाही तोंड लपवू नका. दोन ओळींची मेल पुरते, कारण सविस्तर द्यायची गरज नाही. हो म्हणून जॉइनिंगच्या दिवशी फोन बंद करणारे बरेच असतात, आणि एचआरचं वर्तुळ वाटतं त्याहून लहान असतं.

आकडा आणि बाँड

‘३ लाख ६० हजार पॅकेज’ म्हणजे महिन्याला ३०,००० हातात नव्हेत. समजा बेसिक १५,००० आहे. कंपनीचा १२ टक्के पीएफ, म्हणजे १,८०० रुपये, बहुधा पॅकेजमध्येच धरलेला असतो. ग्रॅच्युइटी बेसिकच्या ४.८१ टक्के, म्हणजे साधारण ७२२, तीही धरलेली. उरले २७,४७८. त्यातून तुमचा पीएफ १,८०० आणि महाराष्ट्राचा व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००) वजा केला की २५,४७८ हातात येतात. पॅकेजमधले १० टक्के ‘व्हेरिएबल’, म्हणजे दरमहा न मिळणारे, कामगिरीवर ठरणारे असतील तर दरमहा साडेबावीस हजारांच्या आसपास. म्हणून चर्चेत “इनहँड किती?” हे सरळ विचारा, त्यात कमीपणा काही नाही.

ऑफर लेटर म्हणजे नियुक्तीपत्र नव्हे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांनी नियुक्तीपत्र बंधनकारक केलंय, तेव्हा ते मागायला संकोच नको. आधीची नोकरी असेल तर नव्या कंपनीच्या अधिकृत ईमेलवरून, रुजू होण्याची तारीख आणि पगार लिहिलेलं पत्र आल्याशिवाय राजीनामा देऊ नका.

बाँड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार) बघून सरसकट पळू नका आणि ‘बाँड कोर्टात टिकत नाही’ यावरही विसंबू नका. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा तीन वर्षं सेवा किंवा दोन लाख रुपये हा बाँड वैध ठरवला. करार कायद्याच्या कलम ७४ खाली भरपाई वाजवी हवी, आणि कलम २७ मुळे नोकरी सोडल्यावर दुसरीकडे कामाला जाऊच नका अशी अट सहसा टिकत नाही. वाचायचं ते हे: मुदत किती, रक्कम किती, ती दर महिन्याला कमी होते का, आणि कंपनीनेच काढलं तर काय. बाँडसोबत मूळ प्रमाणपत्रं किंवा कोरे चेक मागत असतील तर सही करू नका.

पैसे गेलेच असतील तर

लाज बाजूला ठेवून लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. पैसे पुढच्या खात्यातून निघण्याआधी गोठवता येतात, म्हणून पहिले काही तास महत्त्वाचे. हाताशी ठेवा: व्यवहाराचा यूटीआर (बँकेचा संदर्भ) क्रमांक, वेळ, रक्कम, समोरचा यूपीआय आयडी किंवा खाते क्रमांक. बँकेला वेगळं कळवा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर स्क्रीनशॉट जोडून तक्रार पूर्ण करा. चॅट डिलीट करू नका. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेचं ३१८ आहे, तोतयेगिरीचं ३१९. ज्या कंपनीचं नाव वापरलं तिला आणि तुमच्या कॉलेजच्या प्लेसमेंट विभागाला कळवा, कारण तेच पत्र त्याच वर्गातल्या आणखी कुणाला गेलेलं असू शकतं.

पुढचे काही आठवडे सावध राहा. फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात, आणि ‘सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे मिळालेत, प्रोसेसिंग फी भरा’ असा दुसरा फोन येतो. १९३० वर तक्रार करायला किंवा तक्रारीचं पुढे काय झालं ते विचारायला पैसे लागत नाहीत.